मावशीचा पिवळा वेल

माझी मावशी काजं-बटणं करायची. शिवणाच्या कारखान्यातून कोटांचे गठ्ठे घरी यायचे. तिने लावलेलं बटण कोट फाटला तरी जागचं हलायचं नाही. स्वभावही तसाच, एकदा धरलं की सोडणं नाही.

आई अंथरुणाला खिळली, तेव्हा मावशी आमच्याच खाली, तळमजल्यावर राहत होती. जिना एवढासा, पण ती वर येईना. गुडघ्यांचं कारण सांगायची. माझं डोकं फिरायचं. खरं म्हणजे तिला आपल्या ताईला, माझ्या आईला, तसं पडलेलं बघवत नव्हतं.

त्याऐवजी तिने कॅनरी वेल लावला. नॅस्टर्शियमच्या कुळातला, झालरीच्या पंखांच्या इवल्या पाखरांसारखी पिवळी फुलं येणारा. ताईच्या खिडकीशी फुलं पोचवायची, हा एकच ध्यास. पहिला वेल तिने हाताच्या सवयीने बटणासारखा आवळून बांधला. चार दिवसांत त्याने मान टाकली.

"अगं, त्याला श्वास तरी घेऊ दे," मी म्हणाले.

"मला नको शिकवूस," ती फणकारली. पण पुढच्या वेळी मी खिडकीतून दोरे खाली सोडले आणि तिने हात आवरला. पानांच्या देठांनी दोऱ्याला विळखे घालत वेल आपला आपण चढला.

मग रोज सकाळी अंगणातून हाक: "ताई, फुललीत का गं?"

"पिवळीधम्मक!" आई आतून ओरडायची. दम लागायचा, तरी.

एकदा वाऱ्याने वरचे दोरे तुटले. मी बांधते म्हटलं, तर मावशी म्हणे, "तुझी गाठ? चहा होईपर्यंत सुटेल." कठडा धरत, कुरकुरत ती वर आली. गाठी मारून झाल्यावर आईची उशी सारखी करायला खाटेवर वाकली, आणि तशीच खिडकीकडे बघत राहिली. फुलं सगळी उन्हाकडे, बाहेर तोंड करून. आतून दिसत होते नुसते देठ आणि पाठी. मला ते ठाऊक होतं. आईने मला गप्प बसवलं होतं.

"ताई, तुला तर एक फूल धड दिसत नाही!"

"नाही."

"मग रोज काय सांगत होतीस?"

"तू हाक मारायचीस ना," आई म्हणाली. "खरं सांगितलं असतं तर तीही बंद केली असतीस."

मावशी खाली गेली ती कोटांचा गठ्ठा घेऊनच परत आली, आणि खाटेला लागून, खिडकीसमोर काजं करत बसली.

"उजेड अडवतेस," आई म्हणाली.

मावशी हलली नाही.