टाकी भरली की गाडी बंद

"टाकी भरलेली असली की लवकर बंद पडते, अर्धी असली की बरी चालते," कडेगावचे डॉक्टर मला पुन्हा पुन्हा सांगत होते. मी मान हलवत होतो. कळत काहीच नव्हतं. पेट्रोल संपलं म्हणून थांबणाऱ्या गाड्या पुष्कळ पाहिल्या होत्या, पेट्रोल भरलं म्हणून रुसणारी ही पहिलीच.

लढाई नुकतीच संपली होती. मी सांगलीच्या एका गॅरेजात मिस्त्री होतो. डॉक्टरांनी मिलिटरीच्या लिलावातली मोटारसायकल घेतली होती, वाड्यावस्त्यांवरचे पेशंट बघायला. काही मैल गेलं की ती मान टाकायची. डॉक्टर उतरून टाकीचं टोपण उघडायचे. पेट्रोल असायचंच. टोपण लावून किक मारली की गाडी सुरू! पुढे पुन्हा तोच तमाशा. तोवर तिकडे पेशंट तळमळत असायचा.

ठिणगी टाकणारा प्लग बदलला. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर खोलून धुतला. माझी रीत अशी, की गाडी आली की आधी रॉकेलच्या फडक्यानं लखलखीत पुसायची, मग हात घालायचा. ट्रायलला तासगावपर्यंत पिटाळली. एकदा खोकलीसुद्धा नाही. घरी नेली की पुन्हा बंद! मला तर आपलंच डोकं फिरलंय असं वाटायला लागलं.

मालक वैतागले. "इथं नाटक करतीय ती. कडेगावला जा आणि त्यांच्या मागं बसून बघ."

गेलो. सकाळी चहा पितोय तोच कुंडलच्या बाजूच्या एका वस्तीवरून माणूस घोडं दामटत आला. "डॉक्टर, बायकू अडलीया माजी. सुईणीनं हात टेकलं. बिगीनं चला!"

डॉक्टरांनी गाडी काढली, मी बॅग घेऊन मागे. तेवढ्यात त्यांची आई कुंकवाचा करंडा घेऊन आली. थोरला मुलगा लढाईवरून परत आला नव्हता. तेव्हापासून धाकटा बाहेर निघाला की गाडीला ओलं कुंकू लावल्याशिवाय ती सोडत नसे. हँडलला लावलं, दिव्याला लावलं, शेवटी अंगठा टाकीच्या टोपणावर दाबला. "सुखानं ये रं माज्या राजा."

निम्म्या वाटेत, उसाच्या फडाशी गाडी बंद. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. सवयीनं त्यांनी टोपण फिरवलं. माझा कान जवळ होता. फुस्स! टाकीनं हवा ओढली.

टोपणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली गेलं की तेवढी हवा त्यातून आत यायला हवी. भोक बुजलं की पेट्रोल आतच अडकतं. टाकी भरलेली असली तर आत मुळात हवा थोडी, म्हणून ते आणखी लवकर अडकायचं. भोकात कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. सांगलीत ते मी रॉकेलच्या फडक्यानं आधीच पुसून टाकत होतो, मग दोष दिसणार कुठून?

"सुई द्या," मी म्हणालो. डॉक्टरांनी बॅगेतली इंजेक्शनची सुई दिली. भोक मोकळं केलं, गाडी उडाली ती थेट वस्तीवर. दुपारी डॉक्टर खोपटातून बाहेर आले, घामानं निथळत. मुलगी झाली होती. दोघी वाचल्या होत्या. मला रडू आलं, लपवलं नाही.

परतताना डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, आईला तुम्हीच सांगा. माझ्यानं व्हायचं नाही."

मी जमेल तेवढं जपून सांगितलं. "आवं आई, कुंकू दिव्याला लावा की. टोपणाला तेवढं नको. तिथनं गाडी दम घेती."

म्हातारीनं टोपणावरून बोट फिरवलं. "म्हंजी इतके दिस मीच त्येला वाटंत उभा करत व्हते व्हय?"

डॉक्टरांनी मला त्या रात्री मुक्कामाला ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी करंडा घेऊन ती आलीच. कुंकू दिव्याला लावलं. मग टोपण पदरानं पुसलं, वाकून त्या भोकावर एक फुंकर मारली आणि म्हणाली, "जा आता."

गाडी त्यानंतर वाटेत थांबली नाही. मीही रीत बदलली. गाडी कुणाचीही असो, आली तशी आधी नीट बघतो. फडकं नंतर.