कळवून जाणारे तपासनीस

कोणतीही वस्तू समोर आली की ते प्रथम बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करीत आणि मान कलती करून ऐकत. कलिंगड असो, माठ असो, अर्ज लिहिण्याचे माझे टेबल असो. आवाज पसंत पडला की म्हणत, "पास." न पडला तर काहीच म्हणत नसत, वस्तू फक्त थोडी दूर सरकवीत. पहिल्याच भेटीत त्यांनी माझी पक्षकारांसाठीची खुर्ची अशी दूर सरकवली आणि उभ्याउभ्याच अर्ज सांगितला. पुढे ती खुर्ची एका वजनदार पक्षकारासह मोडली, तेव्हा मला त्यांची योग्यता कळली.

ठाण्याच्या कचेरीबाहेर मी अर्ज लिहितो. माझे शालेय शिक्षण अर्धवट राहिले असले, तरी माझा मसुदा परत आल्याचे उदाहरण विरळाच, हे येथे नम्रपणे नमूद करतो. सदर गृहस्थ कोपरीत माझ्याच आळीत राहत. डोंबिवलीच्या एका फाउंड्रीत त्यांनी जन्मभर ओतीव भागांची तपासणी केली. हातोडीने ठोकले की तडा गेलेला भाग बद्द वाजतो. तो आवाज त्यांच्या कानातून कधी सुटला नाही.

त्यांचा एक नियम होता. तपासणीला जायचे ते आधी कळवून. इतर तपासनीस अचानक जात आणि कामगारांची धांदल उडवीत. त्यांना ते आवडत नसे. "न सांगता जायला मी काय धाड घालतोय? समोरच्याला हात पुसायला तरी वेळ द्यावा माणसाने." आमच्या घरी यायचे तरी आधी फोन करीत. माझी पत्नी म्हणे, "भाऊजींचा फोन ठेवायच्या आधी बेल वाजते. दारात उभं राहूनच करतात वाटतं!"

त्यांची पत्नी लवकर गेली. मागे एक मुलगी. तिशी उलटली तरी सगळे तिला बेबीच म्हणत. ती बोलत नसे. रस्त्याने चालताना वडिलांच्या सदऱ्याचे टोक मुठीत धरी. तिच्या दोन वेण्या तेच घालीत, इतक्या घट्ट की तिच्या भुवया वर ओढल्या जात. "ढिलं काम मला जमत नाही," ते म्हणत. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न असे, आणि तो ते मला दर भेटीत विचारीत: "साहेब, माझ्यामागे हिचं काय?"

निवृत्तीच्या वेळी सगळा फंड हाती आला, तेव्हा मी त्यांना पोस्ट आणि बँक सुचवली. दरमहा व्याज, जिवाला घोर नाही. त्यांनी माझे टेबल एकदा वाजवले.

"व्याज आणायला कोण जाणार? बेबी?"

"नातलग कोणी?"

"नातलगांच्या हातात दिलं की संपलं. नाही साहेब, माझी पेन्शन मीच चालवणार. जे ठोकून बघता येतं, त्यातच घालणार."

त्यांनी निवडली ती खडवलीकडची सागाची योजना. एका कंपनीने तेथे झाडे लावली होती. घ्याल ती झाडे तुमच्या नावची. वाढली की कंपनीच विकणार आणि पैसे तुमच्या वारसाला घरपोच देणार. "मी गेल्यावर व्याजाची कटकट. झाडाला काय, मी मेलो ते कळणारसुद्धा नाही. ते वाढतच राहणार," ते म्हणाले. मी करार वाचला, सातबारा पाहिला. जमीन कंपनीचीच होती. त्यांनी प्रत्येक खोड वाजवून पाहिले. आम्हा दोघांच्याही तपासणीत माल पास झाला.

त्यानंतर ते बेबीला घेऊन नेमाने खडवलीला जात. अर्थात आधी फोन करून. झाडांवर त्यांच्या नावाच्या पत्र्याच्या पाट्या तारेने बांधलेल्या असत. बेबी रांगेतल्या पहिल्या झाडाला मिठी मारी. मग सावलीत डबा खात.

एकदा आम्ही तिघे वासिंदला त्यांच्या एका सहकाऱ्याच्या तेराव्याला गेलो होतो. परतताना लोकल खडवलीला थांबली आणि बेबी उठून दाराकडे चालू लागली.

"आज नाही गं बेबी. आज कळवलेलं नाही."

ती उतरली. मागोमाग आम्हीही.

बेबीने नेहमीचे झाड बरोबर ओळखले आणि मिठी मारली. पाटीवर दुसऱ्याच कोणाचे नाव होते. पुढच्या झाडावरही तेच. संपूर्ण रांगेवर तेच. राखणदार रांगेच्या टोकाला शेवटच्या पाटीची तार पिळत बसला होता.

"ही झाडं यांची आहेत!" मी ओरडलो.

"आज कल्याणच्या पार्टीची आहेत," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. "तुमचा फोनच नव्हता ना काका. केला असता तर तुमची लावून ठेवली असती. पाट्या आहेत तुमच्या आत, जपून ठेवल्यात."

"पहिल्यापासून असंच?" मी विचारले.

"मला तर असंच सांगितलंय. ज्याचा फोन येईल त्याची पाटी."

तेवढ्यात ती पार्टी आली. म्हातारा-म्हातारी, हातात पिशवी. म्हातारीने पाटीवरून पदर फिरवला आणि चटई पसरून डबा उघडला. मी त्यांच्याकडे निघालो, तोच आमच्या तपासनिसांनी माझा दंड धरला.

"जेवू द्या आधी त्यांना."

त्यांची जेवणे होईपर्यंत आम्ही कुंपणाशी उभे होतो. मग ते स्वतः गेले, त्या म्हाताऱ्यापुढे उकिडवे बसले आणि हळू आवाजात सगळे सांगितले.

कंपनीच्या कार्यालयाला कुलूप लागले. तक्रारीचा मसुदा मी विनामूल्य केला. चौकीत साहेबांनी तो वाचला आणि विचारले, "काय काका, इतकी वर्षं जात होतात, एकदाही अचानक गेला नाहीत?"

"असं कसं जाणार?" ते म्हणाले. त्यांना तो प्रश्न खरोखरच कळला नव्हता.

पुढे ते माजिवड्याच्या एका टॉवरवर वॉचमन झाले. घरी बघणारे कोणी नाही, म्हणून बेबीला केबिनमध्ये बसवीत. रहिवाशांनी हरकत घेतली. परवानगीच्या अर्जासाठी ते माझ्याकडे आले. मी सहानुभूती, मानवता, ज्येष्ठत्व असे सर्व मुद्दे घातले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, "एवढं नको. ती आवाज करत नाही, एवढंच लिहा."

परवानगी मिळाली. पण तिची गरज फार दिवस लागली नाही. एका दुपारी गेटवरच ते खुर्चीत बसले ते उठले नाहीत.

नातलगांनी बेबीला बदलापूरच्या बाजूला एका संस्थेत ठेवले. तिच्या अपंगत्वाच्या दाखल्याचे काम मी केले होते. तो द्यायला गेलो. घरून निघण्यापूर्वी मी संस्थेच्या कार्यालयात फोन केला होता. ती व्हरांड्यात बसली होती. केस बारीक कापलेले. तिने मला ओळखले नाही. तेवढ्यात फाटकातून एक मोटार आत आली. बेबी ताडकन उठली, पाय जुळवले आणि उजवा हात कपाळाला लावून मोटार थांबेपर्यंत ताठ उभी राहिली.

"प्रत्येक गाडीला करते," तिथल्या बाई कौतुकाने म्हणाल्या. "एवढी शिस्त कुठल्या शाळेत लागली हो हिला?"

बेबीचा हात अजून खाली आला नव्हता. मोटारीतले गृहस्थ तिच्यासमोरून आत निघून गेले होते.