लाल पेन आणि केळीची बाग

आमच्या अर्धापूरच्या शाळेत मराठी शिकवणारे सर कानामागे लाल पेन खोचून नांदेडहून माझ्याच बसने येतात. कुणी काहीही सांगितलं तरी यांचं एकच, "बरं, मग?" हेडमास्तरांनाही तेच.

पोरं एआयकडून निबंध लिहून आणायला लागली तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही सगळे कपाळाला हात लावून बसलो. सर म्हणाले, "बरं, मग?" दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनकडूनच केळीच्या बागेवर निबंध लिहून घेतला, प्रिंट काढली आणि सातवीत वाचून दाखवली. मग कानामागचं पेन काढून वर्गात कधीच न बोलणाऱ्या एका मुलीला दिलं. "आज तपासायचं तू."

तिच्या घरची केळीचीच बाग आहे. 'झाड दरवर्षी घड देते' या ओळीखाली तिने रेघ ओढली.

"सर, एकदा घड काढला की झाड तोडतेत. हे लई चुकलं हाय."

"बरं, मग?"

"मग बुडातून फुटलेलं नवं पिलू वाढवायचं."

"बरं, मग?"

ती तास संपेपर्यंत बोलत राहिली. शेजारच्या वर्गातून मीही ऐकत होतो.

तो कागद अजून स्टाफरूमच्या भिंतीवर आहे. दहापैकी चार मार्क, आणि खाली तिचा शेरा: 'अक्षर छान. आमच्या शेतात येऊन बघ.'