व्हायरस गेला, दुखणं राहिलं

परभणीत माझा कॉम्प्युटर क्लास होता असं मी सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं काचेची केबिन आणि रांगेतली यंत्रं येत असावीत. मी ती येऊ देतो. खरं म्हणजे कापडाच्या दुकानावरची एक खोली, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि खिडकीत घरघरणारा कूलर, एवढाच तो क्लास. चपला जिन्यातच काढायच्या, असा माझा दंडक होता. धुळीनं यंत्र बिघडतं, हे मी औरंगाबादच्या कोर्समध्ये शिकलो होतो. त्या कोर्सातलं मला पुरतं समजलेलं तेवढं एकच, म्हणून त्याच्या अंमलबजावणीत मी फार कडक होतो.

यंत्राच्या पोटात जागा जेमतेम. त्यामुळं ज्याचं काम त्यानं आपापल्या फ्लॉपीवर ठेवायचं. ही फ्लॉपी म्हणजे पातळ, काळी, चौकोनी. यंत्राच्या पुढच्या फटीत सरकवायची आणि वरची खिट्टी फिरवायची. फट म्हणजे ड्राइव्ह. काम नसलं की खिट्टी वर आणि फट उघडी.

शिकायला पोरं येत, पण माझी खरी मदार शेतकी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवर होती. त्यात बोरीकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी होती. तिचा प्रबंध कोरडवाहू ज्वारीवर. हिवाळ्यापासून ती स्वतः येऊन टाईप करायची, कारण माझ्या टायपिंगवर तिचा विश्वास नव्हता. तिचं लग्न ठरलेलं होतं आणि तारीख ज्येष्ठातली होती. त्याआधी प्रबंध कॉलेजात द्यायचा, नाहीतर राहिला. एकदा सासरी गेल्यावर ज्वारीच्या मुळांची लांबी लिहायला कोण पाठवतंय, असं ती सरळ म्हणायची.

चैत्रात कधीतरी पडद्यावर एक ठिपका नाचायला लागला. अक्षरांना धडकायचा, कडेला आपटायचा, परत फिरायचा. पोरांनी विचारलं तेव्हा मी न अडखळता सांगितलं, की यंत्राचं डोकं मोकळं असलं की ते असं दाखवतं. आठवडाभर सगळ्यांनी कौतुकानं पाहिलं. एक जण तर ठिपका दाखवायला घरून भाऊ घेऊन आला. मग कॉलेजातले एक प्राध्यापक काही छापायला आले, पडद्याकडं बघून हसले आणि म्हणाले, तुमच्याकडे व्हायरस शिरलाय. मी म्हणालो, हो, त्याच्यावरच काम चालू आहे.

सफाईचा प्रोग्राम असलेली फ्लॉपी औरंगाबादला मिळणार होती. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस, एसटी कधी धावेल आणि कधी कुठल्या स्टँडवर थांबून राहील याचा नेम नसायचा. परतताना मी जिंतूरला दिवसभर अडकलो. फ्लॉपीला ऊन लागू नये म्हणून ती स्टीलच्या डब्यात ठेवली होती आणि डबा मांडीवर. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, जेवत का न्हाई म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी झरीला एक लग्न होतं. मांडवात अक्षता वाटल्या. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या असतात, कुंकवात रंगवलेल्या. मीही मूठभर घेतल्या. पण मंगलाष्टकं लांबत चालली. पहिल्या पंगतीत बसायला मिळावं म्हणून मी हळूच मांडवाबाहेर सरकलो, त्यामुळं अक्षता टाकायच्या राहिल्या आणि खिशातच परभणीला आल्या.

दुपारी क्लासात एकटाच बसून मी सफाईची फ्लॉपी घातली. यंत्र बराच वेळ कुरकुरलं आणि पडद्यावर आलं, की व्हायरस काढला आहे. ठिपका गेला. मी फ्लॉपी बाहेर काढली, उभा राहिलो. खिशात हात गेला तर अक्षता लागल्या. सकाळचं राहिलेलं काम तेवढं उरकून घ्यावं, असं मनात आलं. मोठ्यानं शुभमंगल सावधान म्हटलं आणि अख्खी मूठ यंत्रावर टाकली. नंतर टेबल आणि फरशी झाडूनही घेतली. धुळीच्या बाबतीत मी कडक होतो, हे सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवसापासून यंत्र फ्लॉप्या वाचेना. डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह ए. अबॉर्ट, रिट्राय, फेल? मी रिट्राय दाबायचो. परत तेच. कधी एखादी अर्धी वाचायचं आणि थांबायचं. मी सगळ्या फ्लॉप्यांवर बोटानं टिचक्या मारून पाहिल्या, कूलरसमोर धरून पाहिल्या.

माझ्या बाजूनं एक गोष्ट खरी होती, तीही सांगतो. तो व्हायरस फ्लॉपीवर स्वतःसाठी एक कोपरा अडवायचा आणि तिथं 'खराब जागा' अशी पाटी लावून ठेवायचा. व्हायरस काढला तरी पाटी तशीच राहायची. घरजावई निघून गेला तरी त्याची खुंटीवरची टोपी राहावी, तसं. त्या पाटीनं कुणाचं काही अडत नव्हतं. पण मला ती दिसली आणि माझा सिद्धांत तयार झाला. टायफॉइड उतरला तरी अशक्तपणा राहतो, तसा व्हायरस मुरतो, असं मी सगळ्यांना समजावलं. इलाज एकच, फ्लॉपी पूर्ण पुसायची. दोघातिघांनी बिचाऱ्यांनी पुसूनही घेतल्या. पुसतानाही यंत्र अडखळायचं, त्यावरून तो किती खोल मुरलाय हे मी त्यांना दाखवून दिलं. पुढं प्रिंटरचा कागद अडकला तरी मुरलेला व्हायरस, आणि लाईट गेली तरी जिन्यात कुणीतरी तेच म्हणायचं.

वैशाख सरत आला तेव्हा ती बोरीची मुलगी आली. महिनाभर ती घरी होती. आता थोड्या दुरुस्त्या करून छापायचं आणि त्या आठवड्यात कॉलेजात द्यायचं, एवढंच राहिलं होतं. सोबत वडील होते. त्यांनी चपला जिन्यात ठेवल्या नाहीत, पिशवीत घालून पिशवी काखेत घेतली. लग्नाच्या खरेदीला आलेला माणूस नव्या चपलांबाबत सावध असतो.

तिच्या दोन्ही फ्लॉप्या वाचल्या गेल्या नाहीत. मी रिट्राय दाबत राहिलो, मग खुर्ची मागं सरकवून निदान सांगितलं आणि इलाजही सांगितला.

"पुसायचं म्हंजे?" वडलांनी विचारलं. "समदं?"

सगळं, मी म्हणालो.

"आवं सर, रानात हरळी झाली तर आमी हरळी काढतो. उभ्या ज्वारीवर वखर घालत न्हाई."

मी त्यांना टायफॉइड सांगायला घेतला.  मुलीनं दोन्ही फ्लॉप्या उचलल्या आणि ओढणीच्या टोकात धरून ठेवल्या, जणू मी हिसकावून घेणार होतो. माझा हात पुढं झालेला होता, हेही खरं.

"सर," ती म्हणाली, "ठिपका नाचायला होता तेव्हा माझी फ्लॉपी चालायली होती. तुम्ही ठिपका काढला आणि ती बंद पडली. मधी काय केलंत?"

मधी काहीच नाही, मी म्हणालो. फक्त व्हायरस काढला.

"मग एक कोरी घालून बघा. तिला तर काही लागलेलं नसंल."

कोऱ्या फ्लॉप्या मीच विकायचो. तिच्यादेखत पाकीट फोडून एक घातली. तीही चालेना. आता मी गप्प बसायला हवं होतं. पण जागच्या जागी सिद्धांत वाढवून मी म्हणालो, की म्हणजे तो आता ड्राइव्हमध्येच उतरलाय. बोलताना माझं मलाच पटलं.

"मंग तिच्यातून काढा की," वडील म्हणाले. "पोरीचं लगीन थांबवता का या मशीनपायी?"

व्हायरस काही हातानं काढता येत नाही, हे दाखवण्यासाठी मी वायरी काढल्या, यंत्र उचललं, फट खाली करून टेबलावर धरलं आणि वरून दोन थापा मारल्या. आत काहीतरी खुळखुळलं. फटीतून लाल ज्वारीचा एक दाणा पडला, टेबलावरून घरंगळत गेला आणि तिथंच ठेवलेल्या तिच्या पिशवीला लागून थांबला. आणखी एक थाप मारली तर दुसराही आला.

वडलांनी पहिला दाणा उचलला, तळहातावर घेऊन खिडकीपाशी गेले आणि उजेडात उलटासुलटा केला.

"हायब्रीड न्हाई," ते म्हणाले. "गावरान हाय." मग माझ्याकडं वळून, अगदी गंभीरपणे, "लगीन कुणाचं होतं, सर?"

झरीच्या मांडवापासून सगळं सांगावं लागलं, पंगतीसकट. वडील पंगतीपाशी हसले. मुलगी हसली नाही. तिचं लक्ष फटीकडं होतं. मी काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवला आणि ड्राइव्हच्या आत फिरवला, तो लालभडक होऊन बाहेर आला. दुसरा गुलाबी. तिसरा पांढरा निघाल्यावर तिनं ओढणीतली फ्लॉपी माझ्या हाती दिली.

पहिली चालली. दुसरी शेवटच्या प्रकरणाच्या मध्यावर अडली. तिथं आतल्या चकतीवर बारीक ओरखडा पडला होता. माझ्या रिट्रायनं तो पाडला होता. त्या प्रकरणाचा हातानं लिहिलेला कच्चा मसुदा घरी होता, म्हणून वडील त्याच दुपारी एसटीनं बोरीला गेले आणि सकाळी परतले. मी टाईप केलं, ती शेजारी बसून एकेक अक्षर तपासत राहिली. या वेळी माझ्या टायपिंगवाचून तिला इलाज नव्हता, कारण बाकीच्या प्रकरणांच्या दुरुस्त्याही तिला तेव्हाच कागदावर करायच्या होत्या. आठवडा संपायच्या आत प्रबंध बांधून कॉलेजात गेला.

ज्यांच्या फ्लॉप्या मी पुसल्या होत्या त्यांनी मला जे सुनावलं, ते इथं लिहीत नाही. ते बरोबर होतं.

ज्येष्ठात बोरीला लग्नाला गेलो. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी एक जण परात घेऊन रांगेनं अक्षता वाटत आला. माझ्यापर्यंत पोचला तेवढ्यात पलीकडून नवरीच्या वडलांचा आवाज आला.

"त्यांला देऊ नको. सर मशीनवर टाकतेत."

परात पुढं गेली. मी शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत मांडवात थांबलो, हे मुद्दाम नोंदवतो. सावधान झालं, सगळीकडून लाल दाणे उडाले आणि मी रिकाम्या हातांनी टाळ्या वाजवल्या. अंतरपाट खाली आला तेव्हा नवरी माझ्या दिशेनं बघून हसत होती. शेजारच्या पाहुण्यानं मला विचारलं, तुमी कोण लागता यांचे?