राबाची आग आणि उघडी गाडी

मला लाज वाटते ती तीन शब्दांची. खालापूरजवळच्या एका गावात, मामाच्या पडवीत, चपला पायात सरकवता सरकवता मी ते बोललो होतो.

त्या वेळी मी कर्जतला विम्याचा एजंट होतो. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. माणसांचा विमा उतरवणारे बरेच होते. मी घरांचा, दुकानांचा, मोटारींचा उतरवायचो, म्हणून स्वतःला कुणीतरी वेगळा समजायचो. कडक इस्त्रीचा शर्ट, बगलेत रेक्झिनची बॅग. भाताचे दोन-चार व्यापारी सोडले तर गिऱ्हाईक नव्हतं, पण ऐट मात्र कंपनीच्या मोठ्या साहेबाची.

मामा माझ्या आईचा सख्खा भाऊ. भाताची खाचरं, कौलारू घर, कुडाच्या भिंती, माळ्यावर गुरांसाठी वर्षभराचा पेंढा. आदल्या उन्हाळ्यात त्याच्या गावातलं एक घर राबाच्या ठिणगीनं जळालं होतं. आमच्याकडे भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्यांचा टाहाळ, पाला, गवत यांचे थर रचतात, वर माती पसरतात आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवून देतात. त्याला राब भाजणं म्हणतात. चैत्र-वैशाखात जिकडे बघावं तिकडे धूर असतो. मामानं स्वतः मला बोलावून विम्याचं विचारलं ते या आगीच्या धास्तीनं. चोरी, भूकंप, वीज यांचं त्याला काही पडलेलं नव्हतं.

आणि नेमकी तीच आग पॉलिसीत नव्हती. जमीन भाजण्यासाठी किंवा साफ करण्यासाठी लावलेल्या आगीनं घर जळालं तर भरपाई नाही, असं बारीक अक्षरातलं एक कलम होतं. ते संरक्षण हवं असेल तर जादा हप्ता भरून वेगळा कागद जोडावा लागे. कलम लिहिणाऱ्या साहेबानं जन्मात राब पाहिला नसेल. पण मी तर राबाच्या धुरात वाढलेला. मला ते कलम पाठ होतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझी कीव करायला नको.

त्याच सुमारास मुंबईच्या एका शेठनं मामाच्या गावाबाहेर, पुण्याच्या रस्त्यालगत बंगला बांधला होता. त्याच्याकडे परदेशी मोटार होती. सायीच्या रंगाची, आत तांबड्या कातड्याच्या सीटा, आणि छत असं की मागे दुमडून ठेवता यायचं. ती गाडी पाहिली आणि मी खुळावलो. गाड्या मी पाहिल्या नव्हत्या असं नाही, पण बंद गाडीत बसलेला माणूस कुणाला दिसत नाही. या गाडीत बसलेला माणूस अख्ख्या रस्त्याला दिसायचा. मला दिसायचं होतं. शेठच्या बंगल्याचा विमा उतरवताना मी दोन दुपारी त्याच्या व्हरांड्यात बसून एकेक कलम वाचून दाखवलं, आणि रानातल्या, शेतातल्या आगीचा तो वेगळा कागदही न विसरता जोडला. बंगल्याच्या चहूबाजूला हिरवळ आणि पाण्याचे नळ होते.

पौषातल्या एका दुपारी मामाचा अर्ज भरायला निघालो तर वाटेत शेठ भेटला. म्हणाला, तासाभरानं खोपोलीपर्यंत चक्कर मारणार आहे, यायचं असेल तर फाट्यावर हॉर्न वाजवीन. त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. मामीनं चहा टाकला, मी घड्याळ बघत होतो. अर्ज इंग्रजीत. मामाला सही येत होती, इंग्रजी येत नव्हतं. अशा अर्जदाराला सगळ्या अटी त्याच्या भाषेत समजावून सांगायच्या आणि तसं सांगितल्याची सही एजंटनं करायची, असा नियम होता. मी ती सही आधीच ठोकून दिली होती. तेवढ्यात फाट्यावर हॉर्न वाजला.

मामानं पेन हातात घेतलं आणि विचारलं, "राबाची आग यात धरलीय ना रं?"

"सगळं धरलंय, मामा," मी म्हणालो. त्यानं सही केली.

गाडीत बसल्यावर काय वाटलं ते खोटं कशाला सांगू? स्वर्ग वाटला. कानांत वारा, डोक्यावर मोकळं आभाळ, रस्त्याकडेची माणसं मान वळवून बघतायत. मामा-मामी गाडी बघायला बांधावर येऊन उभी राहिली होती. मामीनं हात हलवला. मी तोंड दुसरीकडे फिरवलं. ती कोण म्हणून शेठनं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, गिऱ्हाईक आहे.

वैशाखात, दुपार कलताना शेजारच्या खाचरात राब पेटला होता. वारा फिरला. ठिणग्या कौलांच्या फटीतून माळ्यावरच्या पेंढ्यात शिरल्या. माणसं आणि गुरं वाचली; घर, पेंढा, कणगीतलं भात, काही उरलं नाही. मुंबईहून कंपनीचा सर्व्हेअर आला. काळ्या पडलेल्या वाशांमध्ये उभं राहून त्यानं खाचर पाहिलं, घर पाहिलं आणि कलमावर बोट ठेवलं. मग मामाला विचारलं की ही अट एजंटनं तुम्हाला सांगितली होती का. सांगितली नसेल तर तसं लिहून द्या, एजंटवर कारवाई होईल आणि तुमच्या भरपाईचा फेरविचार तरी होईल.

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. खरं बोलायची पाळी माझी होती. मामानं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"सांगितलं व्हतं त्यानं," तो म्हणाला. "मीच नको म्हणलं."

सर्व्हेअरनं ते लिहून घेतलं, आणि मी ते लिहू दिलं. एजन्सी राहिली, इस्त्रीचा शर्ट राहिला. तीन शब्द घाईत निसटले असं एक वेळ म्हणता येईल; या गप्प बसण्याला कसलीच घाई नव्हती.

तो पावसाळा मामा-मामीनं आगीतून वाचलेल्या गोठ्यात काढला, गुरांच्या शेजारी. श्रावणात मी तिथं गेलो, माफी मागायचीच असं ठरवून. मामीनं पोतं अंथरलं, चहा दिला. मी शब्द जुळवत होतो. मामा बराच वेळ दावं वळत बसला होता. मग मान वर न करता म्हणाला, "त्या गाडीत बसलास तवा बरं वाटलं का रं?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सुटलो असतो.

"वाटलं," मी म्हणालो.

"आमी बांधावरनं बघत व्हतो," तो म्हणाला. "तुझी मामी सगळ्यांना सांगत व्हती, आमचा भाचा हाय म्हून."