मी बुक केलेली शांतता

बोटीवरच्या माणसांच्या बायकांनो, माझी आजची फजिती ऐका आणि शहाण्या व्हा.

माझा नवरा मिलिंद मरीन इंजिनिअर. कित्येक महिन्यांनी आज सकाळी सिंगापूरमधल्या जुरोंग ईस्टच्या आमच्या फ्लॅटवर आला. इंजिन रूमच्या धडधडीतून सुटलेल्या माणसाला शांतता हवी, हे मीच ठरवून टाकलेलं! म्हणून सप्टेंबरअखेर चार दिवसांसाठी आल्प्समधल्या एका चिमुकल्या गावात हॉटेल बुक केलं. पिवळी झाडं, टुरिस्ट घरी परतलेले, खिडकीबाहेर नुसते डोंगर.

जेवणं झाल्यावर मोठ्या थाटात त्याला फोटो दाखवले. त्याने एकेक फोटो मोठा करून पाहिला. मग हळूच म्हणाला, "छान आहे गं. पण माणसं कुठायत?"

मी चिडलेच. "अरे, तुला निवांतपणा मिळावा म्हणून इतकी शोधाशोध केली मी!"

"इतके महिने तेच वीस चेहरे आणि बाहेर नुसतं पाणी," तो म्हणाला. "आता नुसते डोंगर?"

माझा राग कुठल्या कुठे पळाला.

मग दोघांनी मिळून पुन्हा शोधलं. जवळच्याच एका गावात त्याच दिवसांत डोंगरावरची गुरं फुलांनी सजवून खाली आणतात, अख्खं गाव रस्त्यावर येतं. "अगं, हा तर पोळाच!" मिलिंद खुर्चीतून उठलाच.

बुकिंग बदललं. आता खिडकीतून डोंगर नाही, रस्ता दिसेल.

आपल्या माणसाला काय हवंय, हे आपण त्याला विचारतो का हो कधी?

आत्ताच त्याने हॉटेलला ईमेल केली. त्यात एकच प्रश्न: जेवायला सगळे एकाच टेबलावर बसतात का?