नर्सबाईंचं फुकट मत

मत देऊन शाळेच्या फाटकाबाहेर आल्या की नर्सबाई पहिला भेटेल त्या माणसाला आपण कोणाला मत दिलं ते सांगून टाकत. कोणी विचारो न विचारो. "तिसऱ्याला दिलं रे," म्हणत आणि छत्री उघडून उन्हातून घरी चालू लागत. तिसरा म्हणजे दोन मोठ्या पक्षांच्या बाहेरचा कोणीतरी. दर लोकसभेला असा एखादा उभा असतोच. त्याची ना गाडी येते, ना भोंगा. मागच्या खेपेला एक निवृत्त मास्तर स्वतःच स्कूटरवरून पत्रकं वाटत आले होते. अख्ख्या वाडीत त्यांना पाणी विचारलं ते बाईंनी.

बाईंचं नाव नलिनी, पण सरकारी उपकेंद्रातून निवृत्त झाल्यावरही त्या नर्सबाईच राहिल्या. आमची वाडी रत्नागिरीहून एसटीने दीड तासावर; एसटी थांबते पऱ्यापलीकडे, वाडी अलीकडे. पऱ्या म्हणजे आमचा ओढा. उन्हाळ्यात त्यात कोंबडीची चोच भिजत नाही आणि पावसात म्हैस वाहून जाते. अर्धी वाडी बाईंच्या हातात जन्मली, त्यात मीही आलो. बाई तोंडाने फटकळ. नातवंड काळं झालं म्हणून नाक मुरडणाऱ्या एका सासूला त्यांनी विचारलं होतं, तुझा मुलगा काय पिठात लोळून आला होता? ती सासू पुढे जन्मभर त्यांची मैत्रीण राहिली.

पऱ्यावर साकव हवा ही वाडीची मागणी माझ्या जन्माआधीची. लहानसा पूल, दुसरं काही नाही. त्याची उणीव बाईंइतकी कोणालाच टोचत नसेल. एका आषाढात अडलेल्या बाळंतिणीला डोलीत घालून त्या पऱ्याच्या काठाशी पाणी उतरायची वाट बघत बसल्या होत्या. पाणी उतरलं तेव्हा डोलीत बोलणारं कोणी राहिलं नव्हतं. त्या बाळंतिणीचं नाव त्यांनी पुन्हा घेतलं नाही. साकवाचा विषय निघाला की मात्र त्यांचा चेहरा असा व्हायचा की आपणच विषय बदलावा.

आमच्याकडे निवडणुकीआधी वाडी देवळात बसते. वाडीप्रमुख देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, घराघरातला एकेक जण नारळाला हात लावतो आणि सगळी मतं एकालाच द्यायचं ठरतं. आमचे प्रमुख दत्तारामदादा. माणूस वाईट नव्हे हो, कोणाच्या अडीनडीला पहिला धावणारा. पण दिलेला शब्द मोडला की त्याला कोणी सख्खं उरत नाही. मागच्या लोकसभेला उमेदवाराचा माणूस साकव देतो म्हणाला आणि जाता जाता सांगून गेला, एकजूट दिसली पाहिजे. वाडी आडबाजूची, म्हणून मतदान केंद्र आमच्याच शाळेत, आणि तिथे मतं फक्त आमचीच. मोजणीनंतर केंद्रावरचे आकडे सगळ्यांना कळतात. माणूस लपतो, वाडी लपत नाही.

बाईंनी नारळाला हात लावला नाही. त्या कधीच लावत नसत, आजवर ते चालून गेलं होतं. या वेळी दादा त्यांच्या ओटीवर जाऊन बसला. निवडून न येणाऱ्याला मत म्हणजे फुकट घालवलं, असं त्याने परोपरीने सांगितलं. मी शेजारी, ऐकत होतो.

"दत्ता, इतकी वर्षं जिंकणाऱ्याला दिलंस ना? मग साकवावरनं चालून दाखव बघू," बाई म्हणाल्या. "फुकट कोनाचं गेलं?"

मग त्यांनी बाजारातला दाखला दिला. बाजारात दोनच कोळणी बसतात आणि दोघींचे बांगडे शिळे. तू नाक दाबून त्यातले बरे निवडतोस, म्हणून उद्याही त्या तेच आणतात. चार गिऱ्हाइकं उठून तिसरीकडे गेली की बघ, दुसऱ्या दिवशी पाटीत बर्फ येतो की नाही.

मीही मध्ये तोंड घातलं. म्हटलं, बाई, अशाने दोघांतला जास्त वाईट निवडून आला तर? त्यांनी ते नाकारलं नाही. एखाद्या वेळी तसंही होईल म्हणाल्या. "पन भीतीपायी दिलेलं मत पक्षवाले मोजीत नाय रे. ते त्यांनी आधीच खिशात घातलेलं असतं."

वाडीने ठरवलेला उमेदवार निवडून आला. आमच्या केंद्रावर तिसऱ्याला पाच मतं पडली.

एक कोणाचं ते सगळ्यांना ठाऊक. उरलेली चार? वाडीत काहीतरी बिघडलं ते त्या आकड्यापासून. विहिरीवर बायका बोलत असायच्या, कोणी आलं की गप्प. पांडूतात्या आणि त्यांचा धाकटा भाऊ एकाच जोतावर लावणी करायचे. त्या वर्षी दोघांमधल्या बांधावर हद्दीचे दगड मांडले गेले. साकवासाठी गेलेल्यांना उमेदवाराच्या माणसाने चहासुद्धा न विचारता सांगितलं, तुमची वाडी फुटली. मला विचाराल तर साकव तसाही होणार नव्हता. पण ते आता कोण ऐकणार?

दादाने पुन्हा देवळात बैठक बोलावली. प्रत्येकाने नारळावर हात ठेवून शपथ घ्यायची, मी फुटलो नाही म्हणून. खोटी शपथ घ्यायची आमच्यात कोणाची छाती नाही, आणि ज्याचा हात मागे राहील तो सापडला. पहिली हाक बाईंना. दादा म्हणाला, तुम्हीच लोकांचे कान भरलेत, नावं सांगा, म्हणजे बाकीच्यांना शपथ नको.

बाई सावकाश उठल्या. "माझं मत मी सांगते ती माझी हौस. दुसऱ्याचं देवानंसुद्धा विचारू नये." एवढं बोलून त्यांनी देवापुढचा नारळ उचलला आणि पायरीवर फोडला.

गाऱ्हाण्याचा नारळ असा कोणी फोडलेला मी तरी पाहिला नव्हता. फुटल्या नारळावर शपथ होत नाही, आणि दुसरा ठेवायला कोणी पुढे येईना; शपथ राहूनच गेली. चार जण वाचले, आणि बाई वाळीत पडल्या. याविरुद्ध कायदा आहे, मलाही माहीत आहे. पोलीस ठाणं पऱ्यापलीकडे आहे. गिरणीत त्यांचा डबा मागे राहू लागला. ज्यांना त्यांनी पायाला धरून उलटं करून पहिलं रडवलं होतं, ते रस्त्यात त्यांना बघून मान फिरवायचे. मला फार राग यायचा, आणि तो गिळून मी परसातून त्यांच्याकडे दूध पोचवायचो. त्या मलाच दटावायच्या, लवकर जा, तुझी पोरं इथंच राहायचीत.

श्रावणात एका सकाळी त्या उठल्या नाहीत. दादाचा निरोप घरोघर फिरला: कोणी जायचं नाही. जो खांदा देईल तो त्या चौघांतला. खेडहून त्यांचा पुतण्या दोन मित्रांना घेऊन आला, चौथा खांदा माझा. निघताना बायकोने माझ्याकडे पाहिलं, अडवलं नाही.

मसणवट पऱ्यापलीकडे. पऱ्या तांबडालाल, छातीपर्यंत. आम्ही पाण्यात शिरलो तेव्हा वाडी काठावर जमली होती. पावसात नुसती उभी. दादा पुढे, एकेकाच्या तोंडाकडे बघत. मधल्या धारेत पुतण्याचा पाय निसटला, तिरडी कलली, आणि मला वाटलं, झालं, बाई समुद्राला गेल्या.

तेवढ्यात दोर घेऊन कोणीतरी पाण्यात उतरलं. तो दादाचा थोरला, मंगेश. बापाने हाक मारली, त्याने मागे पाहिलं नाही. मग पांडूतात्या, मग त्यांचा धाकटा. मग कोण कोण ते मला कळेना; बायासुद्धा कासोटा घालून दोराला लागल्या. त्यांत ते चौघे होते का, मला माहीत नाही, आणि मी विचारणार नाही.

पलीकडे तिरडी टेकवून मी वळून पाहिलं. वाडीच्या काठावर दादा एकटाच उभा होता, आणि मधलं पाणी चढत होतं.